तीनदा विसळलेली बाटली

माझ्या साडूंइतका पाण्याशी काटेकोर वागणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात दुसरा झाला नाही, आणि पुढं जे घडलं ते पाहता होऊही नये. साडू लातूरचे. लातूरच्या माणसाला पाणी जपायला शिकवावं लागत नाही. तिथं नळाचा दिवस बघून पाहुण्यांना बोलावतात, असं माझी बायको म्हणते, आणि तिचंही माहेर लातूरचं असल्यामुळं मी वाद घालत नाही. अशा गावातला हा माणूस वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी दिसेल तो पेला, तांब्या तीन-तीनदा विसळायला लागला.

त्याचं कारण शिक्षण. अठरा वर्षं त्यांनी एका विनाअनुदानित शाळेत विज्ञान शिकवलं. अनुदान आज येईल, उद्या येईल म्हणता म्हणता त्यांचे केस पिकले आणि शेवटी शाळाच बंद पडली. तेवढ्यात कुणीतरी सांगितलं की नांदेडला पदवीधरांसाठी पर्यावरणाचा वर्षभराचा सर्टिफिकेट कोर्स आहे, त्यात सहा महिने कारखान्यात काम आणि तेही पगारासकट. साडू एक बॅग आणि एक छत्री घेऊन आमच्या घरी दाखल झाले. वर्गातली पोरं त्यांच्या लेकीच्या वयाची. त्यात शिकवणारा सर त्यांचाच जुना विद्यार्थी निघाला. सर आला की हे उठून उभे राहत, हे उभे म्हणून सरही बसत नसे, आणि तासातली पहिली पाच मिनिटं ‘बसा सर’, ‘न्हाई, तुम्ही बसा सर’ यातच जात.

तिथं त्यांना तो नियम भेटला. पाण्याचा नमुना घ्यायचा तर बाटली आधी त्याच पाण्यानं तीनदा विसळायची आणि मग भरायची. “बाटलीला आधी पाण्याची वळख करून द्यावी लागतीय, साडूभाऊ,” असं त्यांनी मला पहिल्याच संध्याकाळी सांगितलं. तेव्हापासून आमच्या घरातला चहा कपाला ओळख करून दिल्याशिवाय कुणाच्या पोटात गेला नाही. हदगावच्या एका लग्नात त्यांनी पेलाभर मठ्ठा घेतला आणि विसळून मांडवाबाहेर ओतला. दुसरा घेतला, तोही ओतला. तिसऱ्यांदा वाढप्याला राहवलं नाही. “पाव्हणं, मठ्ठा पसंत पडला न्हाई व्हय?” साडू गंभीरपणे म्हणाले, “लई झकास दिसायलाय. अजून पेलो कुठं?” नवरीच्या मामाची समजूत मला काढावी लागली.

मग कारखाना आला. गावाचं नाव मी सांगत नाही, कारखान्याचं तर नाहीच. तिथल्या साहेबानं एके दिवशी साडूंच्या हातात पाण्यानं भरलेली बाटली दिली आणि म्हणाला, “नाल्यावर जा, लेबल लावा, प्रयोगशाळेत पोचवा.” बाटलीत बोअरचं पाणी होतं. कारखान्याचं सांडपाणी वाहणाऱ्या नाल्याचा नमुना म्हणून दर महिन्याला तेच जात होतं आणि दर महिन्याला नाला स्वच्छ ठरत होता. साडूंना वाटलं, बिचाऱ्यानं विसळायला पाणी दिलंय. विसळायचं असतं ते नाल्याच्याच पाण्यानं, एवढंही साहेबाला ठाऊक नाही, याचं त्यांना हसूच आलं. त्यांनी ते बोअरचं पाणी ओतून दिलं, काठावर वाकून बाटली तीनदा विसळली आणि नाल्याचं काळं पाणी गळ्यापर्यंत भरून लेबल लावलं. प्रयोगशाळेनं जे होतं ते लिहिलं, आणि कारखान्यात हलकल्लोळ झाला.

साहेबानं काम पूर्ण केल्याचं पत्र अडवलं. पत्र नाही तर सर्टिफिकेट नाही, आणि चव्वेचाळिसाव्या वर्षी पुन्हा कोण दारात उभं करतं? साहेबाची अट एका ओळीची होती. ‘माझ्या हलगर्जीपणामुळे नमुन्याची बाटली अस्वच्छ राहिली,’ एवढं लिहून द्यायचं. पत्र लगेच मिळेल, वर कायमची नोकरीही.

साडू दोन दिवस आमच्या ओसरीत बसून राहिले. “बाटली अस्वच्छ नव्हती, साडूभाऊ,” एवढंच म्हणत. मी शहाणा माणूस, सरकारी नोकरीत मुरलेला. मी म्हणालो, “अहो, नाला काय तुमच्या नावावर हाय? लेकीचं कॉलेज बघा. एका ओळीनं काय होतंय?” त्यांनी माझ्याच खिशातला पेन काढून फळ्यावर लिहावं तशा सुंदर अक्षरात ती ओळ लिहिली आणि खाली सही केली. त्या वेळी मला सुटल्यासारखं वाटलं, ही गोष्ट मी स्वतःला अजून माफ केलेली नाही.

सर्टिफिकेट आलं. नोकरीही लागली, त्याच कारखान्यात. आता साहेब देतो ती बाटली साडू मुकाट्यानं नेऊन पोचवतात. लेक शिकते आहे, सगळं माझ्या हिशेबाप्रमाणं झालं. साडू दर रविवारी आमच्याकडं येतात आणि तरी मला त्या जुन्या माणसाची फार आठवण येते.

परवा बायकोनं मुद्दाम त्यांच्यासमोर पेला विसळला आणि म्हणाली, “दाजी, तीनदा बरं का!”

“कशाला पाणी घालवायलाव?” ते म्हणाले. “पेल्याला काय कळतंय?”

दोन घोट घेऊन त्यांनी पेला खाली ठेवला आणि उठले. ते गेल्यावर मी तो पेला उचलला, मोरीपाशी गेलो आणि विसळत राहिलो. तीनदा झालं, चारदा झालं. शेवटी बायकोनं नळ बंद केला.