सीटखालची लाल तार

केळीच्या बागेत ट्रॅक्टर शिरत नाही, म्हणून आमच्या घरात एक जुनी एटीव्ही, म्हणजे चार जाड चाकांची, मोटरसायकलसारखी हँडलवाली गाडी, घेतलेली होती. सातपुड्याच्या पायथ्याशी पर्यटकांना चकरा मारायला ठेवलेली, मग मालकानं काढून टाकलेली. मागे छोटी ट्रॉली जोडली की ओळींमधून घड बाहेर काढायला ती बरी पडे. शेत वाटून झालं, गाडी मात्र सामाईक राहिली, आणि माझे मोठे दीर ती स्वतःचीच समजत. नवरा जळगावला पाइपच्या कारखान्यात. सावद्याजवळची आमच्या वाट्याची बाग मीच बघायची, गाडीही मीच चालवायची. दिरांना ते पहिल्या दिवसापासून खुपलं. "बाईमाणसानं टांग टाकून गाडीवर बसावं, हे आपल्या घरात नव्हतं," असं ते सासूबाईंना सांगत, पण आवाज माझ्यापर्यंत पोचेल असा.

त्या आठवड्यात आधी त्यांची बाग कापली गेली. गाडी संध्याकाळपर्यंत शेतात धडधडत होती. दुसऱ्या सकाळी माझी कटाई. व्यापाऱ्याचा ट्रक रस्त्यावर येऊन थांबला, टोळी कोयते घेऊन बागेत उतरली, आणि गाडी सुरूच होईना. सेल्फ मारला की इंजिन गरगर फिरे, पण पेट घेत नव्हतं.

दीर बांधावर येऊन उभे राहिले.

"काल माझ्याकडे बरी होती. तू काय केलं तिले?"

"मी आत्ताच हात लावला, भाऊ."

"मंग तुझ्या हाताचाच गुण."

टोळीतले दोघं-तिघं हसले. मी जळगावला फोन लावला. नवरा म्हणाला, "भाऊंशी वाद घालू नको. घड डोक्यावर काढ." डोक्यावर काढले असते तर साली घासून काळ्या पडल्या असत्या, आणि व्यापाऱ्यानं तिथंच माल नाकारला असता. मी फोन ठेवला आणि घरून हत्यारांची पिशवी आणली. माझं माहेर अमळनेरचं. वडिलांचं पाण्याच्या जळक्या मोटारींची तार नव्यानं भरून देण्याचं दुकान होतं, आणि लग्नापर्यंत मी त्यांच्या शेजारी मीटर धरून बसले होते.

प्लग काढला, कॅपमध्ये बसवून इंजिनच्या लोखंडाला टेकवला आणि सेल्फ मारला. ठिणगी नाही. नवा प्लग लावला, तरी नाही. कॅप काढून नुसती तार लोखंडाजवळ धरली, तरी अंधारच. कॉइल मीटरवर तपासली, ती चांगली होती.

"पेट्रोलमध्ये पाणी गेलं असेल," दीर वरून म्हणाले. "तुले काय समजते त्यातलं? मेकॅनिकले बोलाव. येईल दुपारी."

दुपारपर्यंत ट्रक थांबणार नव्हता, हे त्यांना माझ्याइतकंच माहीत होतं.

सीट उचलली. ठिणगी घडवणाऱ्या काळ्या डबीला एक बारीक तार येते. इंजिन बंद करायचं बटण दाबलं की ती तार गाडीच्या बॉडीला, म्हणजे लोखंडी सांगाड्याला जोडली जाते आणि ठिणगी मरते. ती तार मी डबीतून उपसली, कॅप आणि प्लग परत लावून लोखंडाला टेकवला आणि सेल्फ मारला. प्लगच्या टोकावर निळी ठिणगी कडकडली.

"झालं ना!" दीर एकदम बांधावरून खाली उतरले. "काहीतरी ढिलं होतं. चालव आता तशीच."

माझ्याशी ते कधी इतक्या लगबगीनं बोलले नव्हते. मला ते खटकलं. तार काढलेली गाडी किल्लीनं बंद होत नाही. उतारावर, माणसांच्या गर्दीत तशी गाडी चालवणार नाही, असं मी म्हटलं आणि मीटर लावला; त्याची दोन टोकं कुठून तरी जोडलेली असली की तो वाजतो. किल्ली चालू, बटणही चालूवर, तरी ती तार बॉडीला भिडलेलीच दाखवत होती. हँडलवरच्या बटणाचा जोड सोडला, मीटर वाजतच राहिला. किल्लीचा जोड सोडला, तरी वाजला. म्हणजे तिसरीकडे कुठेतरी ती बॉडीला जोडलेली होती.

मी तारांच्या जुडग्यावरून बोट फिरवत मागे गेले. सगळी टेप धुळीनं राखाडी झालेली, एका जागी मात्र ती नवी, चिकट, काळीभोर. टेप सोलली. आत एक लाल तार जोडलेली होती. ती मागच्या मडगार्डखाली गेली होती, आणि तिच्या टोकाला फवारणीच्या बॅटरी पंपाचं छोटं बटण बसवलेलं होतं. मी ते खट्‌कन पाडलं. मीटर गप्प झाला.

टोळीतलं हसणं थांबलं होतं. मी दिरांकडे पाहिलं.

"हे कोणी लावलं, भाऊ?"

"चोरासाठी लावलं. गाडी कोणी नेली तर?"

"आज सकाळपासून गाडीला मी एकटीनंच हात लावलाय. चोर कोण?"

"तोंड सांभाळून बोल."

"मी सांभाळूनच विचारते. बटण आहे हे सांगायचं होतं."

मी पकडीनं लाल तार कापली, बटण उपसून त्यांच्या पायाशी टाकलं, प्लग आणि सगळे जोड परत बसवले आणि सेल्फ मारला. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. टोळीच्या मुकादमानं ट्रॉली जोडली. माझे घड डाग न पडता रस्त्यावर पोचले आणि ट्रक भरून गेला.

संध्याकाळी सासूबाई म्हणाल्या, "घरातलं घरात ठेव. लोकांसमोर त्याची शोभा केली तू." माझी शोभा सकाळपासून बांधावर चालली होती, हे मी त्यांना सांगितलं. त्या उठून आत गेल्या. रविवारी नवरा आला, थोरल्या भावाकडे चहा पिऊन परतला आणि मलाच म्हणाला, "तार कापायची काय गरज होती?" त्या दिवशी मी त्याला वाढलं नाही.

पुढे दिरांनी सासूबाईंच्या तोंडून निरोप पाठवला की त्यांना गाडी नको. मी लगेच हो म्हटलं. आता ती माझ्या दाराशी उभी असते. दीर तिथून जाताना मान फिरवतात, मीही फिरवते, आणि मला त्याचं काही वाटत नाही.