झटक्याआधी हललेला हात

आधीच सांगतो, म्हणजे नंतर टोमण्यांची पत्रं नकोत — माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. वडील बुवाबाजीविरुद्ध पत्रकं छापायचे आणि शाळेच्या दारात उभा राहून मी ती वाटायचो. त्यामुळे हे लिहिताना मलाच अवघड जातंय...

इमर्जन्सी उठून वर्ष झालं होतं. चंदीगडच्या इंडस्ट्रियल एरियात, पायलटांना जमिनीवर शिकवणारा सिम्युलेटर तयार करणाऱ्या एका युनिटमध्ये मी होतो. विमानाची समीकरणं झाली होती, माणसाची बाकी होती. वाऱ्याचा झटका आल्यापासून पायलटचा हात हलेपर्यंत किती वेळ जातो, हे मोजणं माझं काम.

त्यासाठी ग्रेवालजी यायचे. हवाई दलातून निवृत्त झालेले, शांत गृहस्थ. पडद्यावरची रेघ हातातल्या दांडीने सरळ ठेवायची, एवढंच त्यांनी करायचं. मी शेजारच्या बंद खोलीत चिठ्ठी काढायचो — डावा की उजवा — आणि बटण दाबायचो, की पडद्यावरच्या रेघेला त्या बाजूने झटका बसायचा. कागदी पट्टीवर दोन पेनं चालायची, एक माझ्या झटक्याचं, एक त्यांच्या हाताचं. वयामुळे त्यांचा हात मंदावला असेल अशी नेमणुकीच्या कमिटीला शंका होती. चाचणी चांगली झाली तरच नव्या सिम्युलेटरवर शिकवायचं काम त्यांना मिळणार होतं. उडणं सुटल्यापासून त्यांना दुसरं काही नको होतं.

चार दिवस सगळं ठीक. आधी झटका, मग पाव सेकंदाने हात. पाचव्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमाराला, हात आधी हलला. मग झटका. आणि हललाही बरोबर बाजूला... वीसपैकी सात वेळा.

पेनं बदलली. तारा तपासल्या. आमचे कुळकर्णी साहेब बटणावर, मी खुर्चीत — मी दर वेळी उशिरा. पुन्हा ग्रेवालजी बसले. या खेपेला चिठ्ठी उघडली की विचार न करता बटण दाबत गेलो. तरी मधूनमधून हात पुढेच.

त्यांनाच विचारलं. म्हणाले, "पुत्तर, सीट पहले बता देती है."

सीट म्हणजे फरशीत बोल्टने आवळलेली लोखंडी खुर्ची. मी तिच्यावर तळहात ठेवून पाहिला. काहीसुद्धा नाही.

कुळकर्णी साहेब नागपूरचे. "पाचवा दिवस काढून टाक ना बाप्पा," ते म्हणाले, "चार दिवसांत माणूस पास होते. का वडिलांकडून पत्रक छापून घेतोस याचं?"

मी भडकलो. नको ते आकडे फेकायचेच, तर ज्योतिष्यांनी काय घोडं मारलंय? ग्रेवालजींच्या कानावर घातलं. त्यांनी, जे झालं तेच लिही, असं सांगितलं. लिहिलं.

कमिटीचा निकाल दोन ओळींचा होता. पायलटला झटके कोणीतरी आधी कळवले असावेत, सबब नेमणूक नाही. मी पत्रांवर पत्रं पाठवली. उत्तर नाही. एक अक्षर खोटं न लिहिता मी एका सरळ माणसाला लबाड ठरवलं होतं.

ते युनिटमध्ये शेवटचे आले त्या दिवशी फाटकाशी स्कूटर काढताना ते थांबले. राग नव्हता. "उनकी छोड़. तू बता, मैंने चोरी की?"

"नहीं जी," मी लगेच म्हणालो.

"फिर?"