मी ‘रा’ म्हणालो होतो

लग्नाला वर्षही झालं नव्हतं, तेव्हा मी बायकोला कुंतला धबधब्यापाशी विसरून आलो. पुढे कित्येक वर्षं हा किस्सा सांगताना मी ‘विसरलो’ असं म्हणालो नाही. ‘ती मागे राहिली’ म्हणायचो, आणि ऐकणारे हसायचे.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी आदिलाबादला कापडाच्या दुकानात होतो. ओळखीचा एक मॅटॅडोरवाला सुटीच्या दिवशी बाहेरगावच्या पाहुण्यांना देवळं, धबधबे दाखवून आणायचा. माझी शाळा तेलुगूत झालेली, म्हणून गाईड म्हणून मला सोबत न्यायचा. घरी मात्र आमची वऱ्हाडी वळणाची मराठी. बायको पैनगंगेपलीकडच्या गावची, कपाशी आणि ज्वारीत वाढलेली. तेलुगू तिला अजिबात कळत नसे. भाताचं शेत तिनं कधी पाहिलं नव्हतं. “पान्यात पीक उभं रायते, अन् सडत नाई?” असं ती मला सारखं विचारायची. त्या दिवशी हैदराबादकडची तीन-चार कुटुंबं होती आणि गाडीत एक जागा रिकामी होती. आदल्या रात्री तिला म्हटलं, “चाल, तुले भात दाखवतो.”

सकाळी जैनथच्या देवळात गेलो. काळ्या दगडाच्या मंडपात गारवा होता. ओल्या पायांचे ठसे उमटत आणि लगेच पुसट होत. मी पाहुण्यांना तेलुगूत सांगत होतो की ठरावीक दिवसांत सूर्याचं किरण थेट देवाच्या पायांवर येतं. ती एका खांबाला टेकून माझ्याकडे पाहत होती. काय चाललंय हे तिला कळत नव्हतं, तरी चेहरा कौतुकाचा होता. मला ते दिसलं, आणि मी आवाज आणखी चढवला.

मग मावला, गुडीहत्नूर. इचोड्याला ट्रकांच्या रांगेशेजारी चहा. पुढे जंगल लागलं. सागाला पांढरे तुरे आले होते, ढग इतके खाली की झाडांचे शेंडे त्यात विरघळत होते. बोलणं हळूहळू थांबलं. गाडी चाललीय की रस्ताच आपल्याकडे वाहत येतोय, कळेना.

धबधब्यापाशी तर सगळंच पांढरं. पाणी कुठे संपतं आणि वाफ कुठे सुरू होते, ते सांगता येत नव्हतं. कपारीतल्या महादेवाला हात जोडून माणसं तुषारांत पांगली, आणि एकेक जण धूसर होत गेला. बायको लांब एका सपाट खडकावर पाण्यात पाय सोडून बसली होती. मागं वळून पाहिलं तेव्हा ती मला त्या पाण्याचीच एक आकृती वाटली.

निघायची वेळ झाली. पाहुण्यांची मुलं रेंगाळत होती. त्यांना मी “रा, रा” म्हणून हाका मारत होतो. तेलुगूत ‘रा’ म्हणजे ये. त्याच जिभेनं मी खडकाकडे हात हलवून ओरडलो, “रा, रा!” आणि चढायला लागलो.

आमच्या बोलीत ‘राहा’तला ‘हा’ कुणी उच्चारत नाही. आमच्यात ‘रा’ म्हणजे थांब.

वर गाडीत मी ड्रायव्हरशेजारी बसलो. सगळे आले का, हेही तेलुगूतच विचारलं. मागून बायकामुलांनी एका सुरात “वच्चाम” म्हटलं. म्हणजे आलो. गाडी निघाली.

बरंच पुढे गाडी थांबवून सगळे खाली उतरलो. टेकडीच्या उताराला भाताच्या बांध्या होत्या, पायऱ्यांसारख्या एकीखाली एक. प्रत्येकीत तळहात बुडेल एवढं पाणी, त्यात आभाळ, आणि आभाळातून वर आलेली हिरवी पाती. वरच्या बांधीतलं पाणी खालच्या बांधीत झुळझुळत उतरत होतं. मी भान हरपून म्हणालो, “पाह्य, सडलं का?” आणि बायकोकडे वळलो. मागे पाहुण्यांपैकी एक बाई केस पुसत उभी होती.

गाडी परत नेली. पाहुणे वैतागले. मी खाली धावत गेलो, तर ती त्याच खडकावर बसली होती, पदर डोक्यावरून घट्ट ओढून.

“आली काऊन नाई?”

“रा म्हनलं ना तुमी. मंग रायली.”

ते ऐकून मला हसू फुटलं. जीव भांड्यात पडल्याचं हसू होतं ते. ती हसली नाही. परतताना अंधारून आलं आणि बांध्या तिला दिसल्याच नाहीत. पुढे मी किती वेळा म्हटलं, चल. ती म्हणायची, “घरी काम हाय.”

किस्सा मात्र मी सांगत राहिलो. लग्नात, पंगतीत, दुकानात. ती चहा आणून ठेवायची आणि आत जायची.

नव्वदच्या दशकात एकदा गुडीहत्नूरला भाच्याच्या लग्नानंतर सगळे ओसरीवर बसले होते. भाचा म्हणाला, “मामा, ते धबधब्याचं सांगा ना.” मी सांगितलं. सगळे हसले. भाच्याची नवी नवरी कोपऱ्यात बसली होती, तिनं सहज विचारलं, “मामी, समदे वर गेले, तुमी मागं काऊन नाई धावल्या?”

बायको लसूण सोलत होती. मान वर न करता म्हणाली, “सकाळपासून माह्यासंगं एक शब्द बोलले नोते हे. मले वाटलं, त्या शहरातल्या लोकायसमोर मी नको असन यायले. थांब म्हनलं, तं थांबली.”

“मामी, तुमीबी ना,” भाचा म्हणाला.

मी उठून तिच्यासमोर जाऊन बसलो. सगळे पाहत होते, ते बरंच होतं. हसवलंही त्यांच्यासमोरच होतं.

“शबद चुकला, ते खरं,” मी म्हणालो. “पन गाडी निघाली तवा तू हायेस का नाई, मी पाह्यलंच नाई. अन् वरून इतकी वर्सं तुह्यावर लोकायले हसवलं. माह्यं चुकलं. मले माफ कर.”