लाईट गेल्यावर पेटलेला बल्ब

मी सांगलीत मोटारी आणि पंप दुरुस्त करतो. भूतखेत म्हटलं की टिंगल करणाऱ्यांत मी पहिला... त्यामुळे हे वाचून कुणी माझी टिंगल केली तर तक्रार नाही.

जिनपाल माझा शाळेपासूनचा दोस्त. दोघांकडेही हौशी रेडिओचं लायसन. यंदाच्या उन्हाळ्यात त्याच्या हळदीच्या गोडाऊनमागच्या खोलीत आम्ही जुन्या काचेच्या व्हॉल्व्हचा ट्रान्समीटर जोडला. अँटेना अजून लावली नव्हती, तिच्या जागी साधा बल्ब होता. मोर्सची की, म्हणजे तारेचे संदेश ठोकायची पट्टी, दाबली की बल्ब लागणार, सोडली की विझणार. पण त्या दुपारी तो नुसताच मिणमिणत होता. दोष सापडेना, म्हणून मी की सोडवून फळीवर ठेवली.

तेवढ्यात लाईट गेली. पंखा थांबला.

व्हॉल्व्हचा सेट बंद केला तरी कपॅसिटरमध्ये माणूस मारण्याइतका करंट साठून राहतो. स्क्रूड्रायव्हरनं शॉर्ट करून तो घालवल्याशिवाय आत हात घालायचा नाही. हे मला जिनपालनंच शिकवलेलं.

"आरं, आधी शॉर्ट कर की," मी म्हटलं.

"लाईटच न्हाई तर करंट कुठनं येतोय गड्या!" म्हणत त्यानं बाही वर सारली आणि हात सेटकडं नेला.

आणि बल्ब पेटला. लख्ख. विझला. परत पेटला... ठिपके, रेघा, मोर्स! मी सवयीनं वाचत गेलो — जिनपालची कॉलसाईन, म्हणजे हवेवरचं त्याचं नाव, आणि तिच्यापुढं दोन अक्षरं. आम्ही हौशी लोक ती वारलेल्या माणसाच्या नावापुढं लावतो.

मी त्याला दंडाला धरून मागं ओढलं. कपॅसिटरला स्क्रूड्रायव्हर लावला — फाडकन ठिणगी! टोकच वितळलं.

जिनपालनं बाही खाली केली. "बल्ब... तुलाबी दिसला न्हवं?"

"व्हय," मी म्हटलं. इतका मी आयुष्यात कधी घाबरलो नव्हतो.

कपॅसिटरमधलाच करंट असेल, असं म्हणाल. मीही म्हटलं असतं. पण की तर फळीवर पडलेली, तिची वायर कशालाच जोडलेली नव्हती. शिवाय मोर्समध्ये प्रत्येकाचा हात वेगळा असतो, हस्ताक्षरासारखा. बल्बनं शेवटची रेघ उगाच लांबवली होती, आणि ती खोड आमच्यात एकाचीच. माझी.

म्हणजे ती बातमी मीच दिली होती... की देणार आहे? याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

जिनपाल ठणठणीत आहे. सेटही सुरू झालाय. अधूनमधून फोन करतो, "आवं साहेब, येताय का हवेवर?" मी काहीतरी कारण सांगतो. त्या दुपारपासून मी कीला हात लावलेला नाही. जिनपाल आहे तोवर लावणारही नाही.