टेकडीकाका

डोंगर कितीही मोठा असो, काकांच्या लेखी ती टेकडीच. तरुणपणी पुण्यात रोज सकाळी टेकडी चढायची सवय. इकडे परदेशात, बॉथेलला येऊन केस पिकले, तरी कॅस्केड्सच्या डोंगररांगेतल्या बर्फाळ शिखराकडे बोट दाखवून म्हणायचे, "शनिवारी त्या टेकडीवर जाऊन येऊ." मी पडलो नागपूरचा, सपाटीवरचा माणूस. त्यांच्या पहिल्याच टेकडीने माझा पार भुगा केला.

वाटेत 'किती राहिलं' विचारायची सोय नव्हती. विचारलंच, तर उत्तर ठरलेलं, "हे काय, आलंच." त्या 'आलंच'मध्ये अख्खी दुपार जायची आणि मी मनातल्या मनात त्यांना शिव्या घालत चढायचो. वर, कड्याच्या टोकावर एक लाकडी खोली होती, वणव्यावर नजर ठेवायला पूर्वी बांधलेली. चारी बाजूंना खिडक्या. वीज नाही, पाणी नाही. तिथे काका छोट्याशा स्टोव्हवर पिठलं टाकायचे आणि मुक्कामाला आलेल्या अनोळखी गोऱ्या पोरांनाही बसवून वाढायचे. पोरं नाक पुसत, हायहुय करत खायची आणि त्यांना 'टेकडी अंकल' म्हणायची. काकू मात्र कधी वर आल्या नाहीत. त्यांचे गुडघे दुखायचे.

मागच्या वर्षी काकांना फुप्फुसांचा आजार निघाला. डॉक्टरांनी चढण बंद केली. पण काका ऐकतायत थोडेच! एकदा, शेवटचं, त्या खोलीत झोपायचंय म्हणून माझ्या मागेच लागले. मी काकूंकडे बघितलं, तर त्या म्हणाल्या, ने त्यांना. चार पावलं चालायची, थांबायचं, असं करत निघालो. खोलीचं छप्पर दिसायला लागलं तिथे काका दगडावर बसले.

"किती राहिलं रे?" त्यांनी विचारलं.

"हे काय, आलंच," मी म्हटलं.

"खोटं बोलू नकोस यार. तो माझा डायलॉग आहे."

हसले, खोकले, बराच वेळ छपराकडे बघत बसले. मग चल, उतरू म्हणाले. माझा हात धरून उतरले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

थंडी सुरू होता होता काका गेले.

या उन्हाळ्यात मी एकटाच वर गेलो. पिठलं केलं, ते करपलं. मग त्यांच्या नेहमीच्या बाकावर पडून ढसाढसा रडलो. दुसऱ्या दिवशी उतरल्यावर घरी न जाता तसाच काकूंकडे गेलो. त्यांनी चहा टाकला. पाठमोऱ्याच उभ्या होत्या.

"घरात कुठेच सापडत नाहीत रे," त्या म्हणाल्या. "वर भेटले का तुला?"