अकरा ते साडेअकरा

नगरसभेच्या सभागृहात एकतीस वर्षं माइक सांभाळलेल्या माणसावर स्वतः माइकवर बोलायची वेळ आली, ती निवृत्त झाल्यानंतर. तोवर त्या खोलीत त्यांचा आवाज कुणी ऐकलेलाच नव्हता.

सगळे त्यांना माइककाका म्हणत. सभागृहाच्या कोपऱ्यात एक अरुंद टेबल, त्यावर बटणांची पेटी आणि पेटीमागे काका. अध्यक्ष ज्याचं नाव घेतील त्याचं बटण वर, बाकीची खाली. कोण बोलण्याआधी माइकवर टिचक्या मारतो, कोण फुंकर घालतो, कोण आधी खाकरतो आणि मगच थाप मारतो, हे त्यांना तोंडपाठ होतं. आणखी एक काम होतं, पण ते कुठल्या नियमात लिहिलेलं नव्हतं. अध्यक्षांनी टेबलावर बोट आडवं फिरवलं, की बोलणाऱ्याचा आवाज उतरवायचा. एकदम नाही, हळूहळू. एकदम उतरवला तर माणूस आरडाओरडा करतो. हळूहळू उतरवला तर त्याला वाटतं, आपलाच घसा बसला. ही युक्ती काकांनी स्वतः शोधून काढली होती आणि एके काळी त्यांना तिचा अभिमानही होता.

मग देशात बदलाचे दिवस आले. लोक रस्त्यावर उतरले, सरकार गेलं, नवं आलं. राज्यकारभार कसा सुधारावा हे ठरवायला एक समिती दोन वर्षं गावोगाव हिंडली आणि तिने तीन जाडजूड खंड लिहिले. त्या तीन खंडांमधलं या गावापर्यंत काय पोचलं, तर एक माइक आणि अर्धा तास. दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी, सभा सुरू होताना, अकरा ते साडेअकरा कुणीही नागरिकाने यावं, समोरच्या खुर्चीत बसावं आणि प्रश्न विचारावा. उत्तर पुढच्या सभेत, लेखी, त्याच माणसाच्या हातात. मात्र कायद्याला एक शेपूट होतं. सलग तीन सभांमध्ये एकही प्रश्न आला नाही, तर हा अर्धा तास कायमचा बंद करायला नगरसभा मोकळी.

पहिल्या सभेला खुर्च्या कमी पडल्या. चौथ्या सभेला तिघं होते. सातव्या सभेला कुणीच नव्हतं, आठव्यालाही नाही. नवव्या मंगळवारी काका सकाळी दाढी करून बाहेर पडले, ते थेट सभागृहात जाऊन नागरिकाच्या खुर्चीत बसले. खिशातून चिठ्ठी काढली आणि बागेतला नळ कधी दुरुस्त होणार असं विचारलं. आवाज इतका बारीक निघाला की एका सभासदाने ओरडून सांगितलं, "काका, बटण वर करा!" सगळे हसले. काकाही हसले.

त्याला आता चार वर्षं झाली होती. एकही मंगळवार चुकला नव्हता. प्रश्न साधेच असत. वाचनालयातला पंखा, स्मशानाकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा दिवा, बसथांब्याचं छप्पर. कुणाला लागेल असं ते विचारत नसत. त्यांचा तो पिंडच नव्हता. अर्धा तास जिवंत राहिला म्हणजे झालं. एक सभासद तर दर वेळी टोमणा मारायचा, "पेन्शन आमची खाता आणि प्रश्न आम्हालाच होय?" यावर काय बोलावं हे काकांना घरी पोचल्यावर सुचायचं.

घरी बोलायला कुणी नव्हतं. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. लेक लांबच्या शहरात होती. कधी कधी महिनाभरात काकांनी कुणाशी सलग बोललेली चार वाक्यं म्हणजे त्या मंगळवारचा प्रश्न, एवढंच असे. सोमवारी रात्री जेवण झाल्यावर ते चिठ्ठी लिहीत आणि भिंतीकडे तोंड करून दोनदा मोठ्याने वाचून बघत.

यंदा लेक हट्टालाच पेटली. "बाबा, जिन्यात पडलात आणि मला चार दिवसांनी कळलं. आता तरी या. यांनी तुमच्यासाठी मागची खोली रंगवून ठेवलीय."

"येतो. फक्त मंगळवारचं काहीतरी लावून येतो."

"मंगळवारचं काय लावायचंय? अहो बाबा, त्या गावात आता तुमचं आहे तरी कोण?"

काकांनी रेंज नसल्यासारखं दोनदा हॅलो हॅलो केलं आणि फोन ठेवला.

पण लावायचं तर होतंच. आपण गेलो की तीन महिन्यांत तो अर्धा तास बंद होणार, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. महिन्यातून एकदा त्या खुर्चीत बसेल असा एक माणूस हवा होता. जास्त नाही, एक. म्हणून जन्मात कधी कुणाच्या दारात काही मागायला न गेलेले काका छत्री घेऊन गल्लीत निघाले.

किराणा दुकानदाराने त्यांना स्टूल दिलं, पाणी दिलं आणि सगळं ऐकून घेतलं. "काका, तुमचा त्या माइकशी घरोबा. आम्ही तिथे काय बोलणार? माझं तर बायकोसमोर बोलताना त त प प होतं."

समोरच्या घरात शिवणकाम करणारी बाई राहायची. ती मशीन न थांबवताच म्हणाली, "विचारायचं तर खूप आहे हो. माझ्या दारातलं गटार दोन वर्षं तुंबलंय. पण तुम्ही जाताच आहात ना, तर तेवढं तुम्हीच विचारा की."

"मी आता नसणार आहे."

"मग परत आल्यावर विचारा. गटार काय, कुठे पळून जात नाही."

सलूनवाला गिऱ्हाइकाच्या गालावर साबण लावत होता. आरशातूनच तो काकांना म्हणाला, "मंगळवारी अकराला? काका, तेव्हा माझ्या खुर्चीत माणूस असतो. अर्ध्या दाढीचा तसाच सोडून येऊ?" गिऱ्हाईक साबणातून हसलं. सलूनवाल्याने वस्तरा पुसला आणि जरा मऊ आवाजात म्हणाला, "खरं सांगू का, राग मानू नका. तुम्ही आहात ना, म्हणून आम्ही निवांत आहोत. काका जातात, बघतात, आपल्याला काय काळजी!"

त्याने कौतुकानेच म्हटलं होतं. काका हो हो करत बाहेर आले. छत्री सलूनमध्येच राहिली, तेही त्यांच्या लक्षात आलं नाही.

घरी येऊन ते नुसते बसून राहिले. संध्याकाळ झाली तरी दिवा लावला नाही. एकतीस वर्षं त्यांनी लोकांचे आवाज हळूहळू उतरवले होते, कुणाला कळू न देता. आणि गेली चार वर्षं आपण गावावर उपकार करतोय, अशा समजुतीत ते दर मंगळवारी चिठ्ठी घेऊन जात होते. आपण खुर्ची राखतोय, असं त्यांना वाटत होतं. खुर्ची राखली, हे खरंच. पण ती इतकी राखली, की दुसऱ्या कुणाला तिथे बसायची गरजच उरली नाही. हा विचार डोक्यात आला तेव्हा ते एकटेच होते, त्यामुळे तसं नाही हो, असं म्हणायलाही कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ठरवलं. आपण सभेला जायचं नाही. दुकानदाराला, शिवणकामवाल्या बाईला, सलूनवाल्याला, बसथांब्यावर ओळखीच्या दिसणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी सांगून टाकलं, "मी आता जात नाही. कुणी गेलं नाही तर तिसऱ्या महिन्यात बंद होईल." लोक म्हणाले, "अरेरे." लोक म्हणाले, "असं कसं?" दुकानदार तर म्हणाला, "हे बरोबर नाही, कुणीतरी गेलं पाहिजे."

पहिला मंगळवार घरी काढला. अकरा वाजता काका स्वयंपाकघरात उभे होते. हातात भांडं होतं, पण ते घासायचं की भरायचं हे आठवेना. दुपारी सभालेखनिक बाईंचा फोन आला. चार वर्षं त्याच त्यांचे प्रश्न लिहून घेत होत्या.

"काका, तब्येत बरी आहे ना? आज आला नाहीत."

"बरी आहे. कुणी आलं होतं?"

"नाही हो."

दुसऱ्या मंगळवारीही कुणी आलं नाही. त्या वेळी लेखनिक बाई फोनवर हलक्या आवाजात म्हणाल्या, "काका, मी सांगितलं म्हणून सांगू नका. पुढच्या सभेसाठी ठराव लिहून तयार ठेवलाय. फक्त तारीख घालायची बाकी आहे." तिकडे लेकीने तिसऱ्या मंगळवारनंतरच्या गुरुवारचं तिकीट काढलं होतं.

तिसऱ्या मंगळवारी काका गेले, पण नागरिकाच्या खुर्चीत नाही. सगळ्यात मागच्या बाकावर भिंतीला टेकून बसले. मनाशी ठरवलेलं होतं, की आज उठायचं नाही. कुणी आलं तर डोळे भरून बघायचं आणि कुणी नाही आलं तर तेही बघायचं. सवय आपण लावून दिली, तर तिचं फळही आपणच भोगावं.

अकरा वाजले. अध्यक्षांनी घंटा वाजवली आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहून, "नागरिकांचे प्रश्न," असं म्हणून ते चष्मा पुसू लागले. एक सभासद वर्तमानपत्र वाचत होता. टोमणेवाल्याने डोळे मिटले होते. सव्वाअकराला दार उघडलं. काका अर्धे उठले. पाण्याचे जग घेऊन शिपाई आला होता. अकरा वीस. बाहेर गल्लीत भंगारवाल्याची हाळी. अकरा चोवीसला अध्यक्षांनी लेखनिक बाईंकडे हात केला, आणि त्यांनी तो टाइप केलेला कागद पुढे सरकवला. सरकवताना त्या मागच्या बाकाकडे बघत होत्या. काकांनी नजर खाली घातली.

अकरा सव्वीसला त्यांना काय झालं कोण जाणे. सलूनवाल्याची ती अर्धी दाढी आठवली. अकराला कुठला माणूस मोकळा असतो? त्या बाईचं मशीन अकराला चालू असतं, दुकान अकराला भरलेलं असतं. अकराला मोकळा असतो तो निवृत्त माणूस. आपल्यासारखा.

ते उठले. सभागृहाच्या मधल्या वाटेने पुढे जाईपर्यंत दोन मिनिटं गेली, गुडघे दुखत होते. खुर्चीत बसल्यावर सवयीने हात खिशाकडे गेला. चिठ्ठी नव्हती.

"बोला काका," अध्यक्ष हसून म्हणाले. "आज काय, नळ की पंखा?"

"ही सभा सकाळी अकराला का असते?"

वर्तमानपत्र खाली आलं.

"म्हणजे?"

"लोक अकराला कामावर असतात. ज्यांना विचारायचंय, ते येऊ शकत नाहीत. मी येऊ शकतो, पण मला..." इथे ते अडकले. घसा खाकरला, जे करणाऱ्यांना ते जन्मभर मनात हसत आले होते. "मला विचारायचं काही नसतं. मी नुसता जागा धरून बसतो. ही सभा संध्याकाळी सातला घ्यावी. घेणार का, आणि नसेल घेणार तर का नाही?"

"काका, पूर्वापार अकराच आहे," टोमणेवाला म्हणाला. "संध्याकाळी आम्हाला घरदार नाही का?"

"आहे ना," काका म्हणाले. "त्यांनाही आहे. तरी ते येतील."

कुणीतरी फस्सकन हसलं, पण काकांना नव्हे. घड्याळात अकरा एकोणतीस झाले होते. लेखनिक बाई खाली मान घालून भराभरा लिहीत होत्या.

अध्यक्षांनी ठरावाचा कागद उचलला, क्षणभर धरला आणि फाइलखाली घातला. "प्रश्न नोंदला. उत्तर पुढच्या सभेत, लेखी. नियमाप्रमाणे तुमच्याच हातात." मग चष्म्यावरून बघत म्हणाले, "तुम्ही लेकीकडे निघालात असं ऐकलं. पुढच्या महिन्यात असणार ना? नाहीतर प्रश्न रद्द होतो."

काका उठता उठता पुन्हा बसले. गुरुवार परवावर आला होता. पुढच्या सभेत 'विचाराधीन नाही' असं दोन शब्दांचं उत्तर येईल, हे त्यांना एकतीस वर्षांच्या अनुभवाने माहीत होतं. मग पुन्हा विचारावं लागेल. मग पुन्हा.

"असेन," ते म्हणाले.

बाहेरच्या जिन्यात त्यांनी लेकीला फोन लावला. या गुरुवारी येत नाही, असं सांगितलं. ती म्हणाली, "रंगाचा वास तरी जाईल तोवर." आणि तिने आधी फोन ठेवला.

गल्लीत सलूनवाला दारातच उभा होता. "काका, तुमची छत्री! दोन महिने सांभाळतोय. कुठून आलात?" काकांनी सांगितलं. त्याने ऐकलं आणि मान हलवली. "सातला असेल तर बघू," तो म्हणाला. "बघू हं, वचन देत नाही." आत गिऱ्हाइकाने हाक मारली, तसा तो वळला.

काका घरी गेले. बारा वाजले होते, आणि पुढच्या सभेचा मंगळवार यायला अजून पाच आठवडे होते.