चकरेच्या वॉर्डातली पिवळी रेघ

आमच्या वॉर्डात कोणालाही मागून हाक मारायची नाही. हाक मारली की माणूस वळतो, वळला की त्याच्या कानातला तोल हलतो, आणि तोल हलला की खाल्लेलं बाहेर येतं आणि ते मला पुसावं लागतं. म्हणून आमच्याकडे ज्याला बोलायचंय तो वळसा घालून समोर येतो. नवखा माणूस दारात उभा राहिला तर त्याला वाटतं, इथे बरे आहेत ते तरी बरे आहेत का!

हा नियम सिस्टरचा. मी तिथली सफाईवाली, मला सगळे मावशी म्हणतात. माझ्याहून वीस वर्षांनी थोरले आजोबासुद्धा मावशीच म्हणतात, आता काय बोलणार.

सिस्टरला रोगी खांब म्हणायचे, तोंडावर नाही. खोली गरगर फिरायला लागली की ती पलंगाशी स्टूल ओढून बसायची आणि सांगायची, माझ्या नाकाकडे बघा, नाक जागेवर आहे ना, मग तुम्हीही जागेवर आहात. उठायचं तेसुद्धा तिच्या पद्धतीनं. आधी कुशीवर, मग पाय खाली, मग काठावर बसून शंभर आकडे, मगच उभं. एकदा एका बाईला चहात फिरणारा चमचा बघून उमासे आले. त्या दिवसापासून आमच्या वॉर्डात साखर पुढे-मागे ढवळतात. मी घरीही तसंच ढवळते. सुनेला वाटतं सासूचं डोकं फिरलंय.

कडक म्हणजे किती कडक! डॉक्टर सुटीवर गेले तरी चालायचं, सिस्टर गेली की निम्मा वॉर्ड भिंत धरून उभा. फरशी तिरकी वाटते अशी तक्रार कोणी केली की ती शांतपणे म्हणायची, फरशी सरळ आहे, तुमचा कान तिरका आहे. आणि पाठ वळली की मला म्हणायची, नाचता येईना अंगण वाकडं.

आता तिच्या नवऱ्याचं सांगते. मी त्यांना दाजी म्हणते. दाजी उंच इमारतींच्या बांधकामावर क्रेन चालवायचे. एक दिवस वर केबिनमध्ये बसलेले असताना सगळं शहरच गोल फिरायला लागलं. दोघांनी दोर बांधून खाली आणलं. कानात म्हणे बारीक खडे असतात, त्यातले काही जागचे सुटले होते. डॉक्टरांनी मान अशी वळव, तशी वळव करून खडे जागेवर बसवले आणि पंधरा दिवसांत माणूस ठणठणीत झाला.

पण क्रेनवर परत चढायला आमच्या वॉर्डाचा कागद लागतो. आमच्या पडवीत पिवळी रेघ आहे. डोळे मिटायचे, हाताची घडी घालायची आणि रेघेवरून बारा पावलं चालायची. तेवढ्या वेळात कोणी खोकायचंही नाही, आवाजानं दिशा कळते म्हणून. बारावं पाऊल पडलं की सिस्टर म्हणते, थांबा. रेघेपासून दोन वीत बाजूला गेलं की नापास, आणि पुढची संधी सहा महिन्यांनी.

दाजी तीन वर्षांत पाच वेळा नापास झाले. दर वेळी डावीकडे, दर वेळी चादरींच्या कपाटावर. डॉक्टर म्हणाले, सिस्टर, निदान यांचा कागद तरी दुसऱ्या कोणाला लिहू द्या. ती म्हणाली, दुसरा माझं तोंड बघून लिहील. आपला तो बाब्या हे तिला कधी जमलंच नाही. स्वतःच्या सुवाच्य अक्षरात लिहायची, डावीकडे, नापास. मग दोघं एका स्कूटरवर बसून घरी जायची. कंपनीनं दाजींना फाटकावर बसवलं होतं. आकाशात बसून लोखंड उचलणारा माणूस दिवसभर गाड्यांसाठी कडी काढत होता आणि लावत होता. मला फार वाईट वाटायचं. आणि आता कंपनीनं कळवलं होतं की सहावी वेळ शेवटची, मग नाव कायमचं कमी.

परीक्षेला आठ दिवस उरले असताना सात नंबरच्या पलंगावर गवंडीबुवा आले. पडल्यापडल्या त्यांनी जाहीर केलं की तुमच्या पडवीला उतार आहे. सिस्टरनं नेहमीचं ऐकवलं. बुवांना राग आला. चाळीस वर्षं लेव्हल बघण्यात गेलेल्या माणसाला हे सांगायचं म्हणजे काय! दुपारी सिस्टर औषधं आणायला गेली तेवढ्यात त्यांनी सलाईनची नवी नळी मिळवली, पाणी भरलं, आणि एक टोक चार नंबरच्या हाती, दुसरं नऊ नंबरच्या हाती देऊन पडवीच्या दोन भिंतींना लावायला पाठवलं. दोघांनाही धड उभं राहता येत नव्हतं. ते भिंतीला पालीसारखे चिकटले आणि बुवा खुर्चीत बसून हुकूम सोडत राहिले.

सिस्टर आली ती थेट समोरून. चिडली होती, तरी नियम मोडला नाही. नळी काढून घेतली आणि बुवांना म्हणाली, चकरेच्या माणसानं लेव्हल बघू नये. बुवा म्हणाले, पाण्याला चक्कर येत नाही, बाई.

आता इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण माझी जीभ कुठे ऐकते! मी म्हटलं, उतार आहेच की. पाणी ओतलं की आपलं आपण कपाटाकडे जातं, तिथे मोरी आहे ना. साडेतीन वर्षांपूर्वी फरशी नवी घातली तेव्हा मीच मिस्त्रीच्या मागे लागले होते, पाणी काढून काढून कंबर मोडते, जरा ढाळ दे बाबा.

सिस्टरनं विचारलं, हे मला आधी का नाही सांगितलंस? मी म्हटलं, कोणी विचारलं नाही. खरंच सांगते, माझ्या डोक्यात पाणी वेगळं आणि माणसं वेगळी होती. आमच्याकडे येणारा प्रत्येक जण चकरेचा. तो डावीकडे गेला तर नवल कोणाला वाटणार? आणि धडधाकट माणूस डोळे मिटून कशाला चालेल?

सिस्टर रेघेवर उभी राहिली. डोळे मिटले, घडी घातली, निघाली. बारा पावलांत आमचा खांब चादरींच्या कपाटावर धडकला. मग डॉक्टर चालले, तेही कपाटावर. मग दारावरचा पहारेकरी, मग कारकून, मग चार नंबरला भेटायला आलेले व्याही, त्यांचा काही संबंध नव्हता पण त्यांना राहवलं नाही. एकामागून एक शहाणीसुरती माणसं कपाटावर जाऊन आपटत होती आणि पलंगांवरचे रोगी मान न हलवता हसत होते. नऊ नंबरला तर हसून हसून उलटी झाली. ती मीच पुसली.

सिस्टर हसली नाही. कपाटाला पाठ लावून उभी राहिली आणि हळूच म्हणाली, पाच वेळा लिहिलं मी. आणि ढाळ मागणारी मीच.

परीक्षेसाठी सरळ फरशी शोधायला गवंडीबुवांना चाकाच्या खुर्चीत बसवून सगळं रुग्णालय फिरवलं. जिथे फरशी धुतात तिथे उतार. गच्चीला उतार, शवागारालासुद्धा उतार. एकच जागा पाण्यासारखी सपाट निघाली, ती म्हणजे साहेबांची सभेची खोली. तिथे आजवर काही सांडलंच नव्हतं. त्या दिवशी नेमकी सभा चालू होती. सिस्टरनं साहेबांना सांगितलं, टेबल भिंतीला लावा आणि हूं की चूं करू नका. लावलं त्यांनी. सहा साहेब भिंतीला टेकून श्वास धरून उभे. मी चिकटपट्टीची रेघ ओढली.

दाजी आले. डोळे मिटले. मी मनात म्हटलं, सुटलो एकदाचे. आणि दाजी उजवीकडे गेले. थोडेथोडके नाही, थेट वरिष्ठ साहेबांच्या पोटावर.

सिस्टरचा चेहरा पांढराफटक. तिनं पेन उचललं आणि लिहिलं, उजवीकडे. पुढचा शब्द लिहिण्याआधी थांबली. म्हणाली, घरी तर तुम्ही सुतासारखे सरळ चालता. हे काय केलंत?

दाजी खाली बघत होते. म्हणाले, "तू ड्युटीवर असताना मी उजवीकडे झुकून चालायचा सराव करत होतो. तीन वर्षं. आजवर कमी पडत होतं, आता कुठे जमलं. डावीकडे जातोय म्हटल्यावर दुसरं काय करणार?"

"पण असं झुकून पास होणं बरोबर नव्हतं."

"नापास लिहिताना तू माझ्याकडे बघायची नाहीस. मला ते बघवत नव्हतं."

मला रडू फुटलं. एका साहेबानंसुद्धा नाक ओढलं. डॉक्टर म्हणाले, सिस्टर, जाऊ द्या, पास लिहा, सगळ्यांना कळलंय काय झालं ते. तिनं मान हलवली. हा माणूस शंभर हात उंच बसणार आहे, म्हणाली, खोटं लिहून मी त्याला वर पाठवणार नाही. मग कागदावर कारणाच्या रकान्यात तिनं लिहिलं, परीक्षा घेणाऱ्याची चूक. त्याखाली सही केली आणि सहा महिन्यांचा नियम खोडला.

पेन तिनं डॉक्टरांना दिलं. दाजींना म्हणाली, आता मी लिहिणार नाही, बघणारही नाही. माझ्यासाठी कुठे झुकू नका. आणि रेघेच्या पलीकडच्या टोकाला जाऊन पाठ करून उभी राहिली.

दाजींनी डोळे मिटले. पहिली दोन पावलं उजवीकडे कलंडली, मग सावरली. तिसरं, चौथं, पाचवं. मी मनात मोजत होते. चिकटपट्टी त्यांच्या तळव्याखालून जराही सुटेना. दहा, अकरा, बारा.

थांबा म्हणायचं काम सिस्टरचं. सगळे तिच्याकडे बघत होते आणि तिच्या तोंडून आवाज फुटेना, नुसते खांदे हलत होते. दुसऱ्या कोणी बोलायची तर तिनं बंदीच केलेली. तेरा, चौदा. रेघ संपली तरी दाजी सरळच चालत राहिले आणि जाऊन तिच्या पाठीवर आदळले.

डोळे मिटलेलेच ठेवून त्यांनी विचारलं, "भिंत आली का?"

"नाही," ती म्हणाली, "मी आहे."